दिवसाही दिवे लावा



आज मी विमानावरच्या दिव्यांबद्दल बोलणार आहे. पुण्याच्या आकाशात या विषयाला जेवढे महत्त्व आहे, तेवढा वेळ आपण त्याला देत नाही, अशी माझी खंत आहे.

१९३२ साली जेआरडी टाटांनी कराची-मुंबई टपालसेवा सुरू केली. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचायचे, म्हणून विमानांसह सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावर हलवावा लागायचा. आज त्याच परिसरातले आकाश पाहा. लोहगावला हवाई दलाची सुखोई आणि प्रवाशांनी भरलेली एअरबस व बोइंग विमाने एकच धावपट्टी वापरतात आणि नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. दक्षिणेला काही किलोमीटरवर हडपसरच्या केंद्रातून ग्लायडर उठतात. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडर असतात, बारामतीकडे प्रशिक्षणाची छोटी विमाने घिरट्या घालत असतात. कुणाचा वेग अडीचशे नॉट, कुणाचा जेमतेम पन्नास. कुणाजवळ सगळी आधुनिक यंत्रे, तर कुणाजवळ साधी बॅटरीही नाही.

एवढ्या गर्दीत टक्कर कशी टाळायची, असे विचारले की ‘टीसीएएस आहे ना’, हे उत्तर मी अनेकदा ऐकते. टक्कर टाळणाऱ्या त्या यंत्राने असंख्य जीव वाचवले आहेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण समोरच्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर बोलला तरच त्या यंत्राला ऐकू येते. ग्लायडरमध्ये तो सहसा नसतो. लढाऊ विमानांची तुकडी उडत असेल, तर बहुधा फक्त म्होरक्याचाच ट्रान्सपॉन्डर चालू असतो, म्हणजे चार विमानांपैकी पडद्यावर एकच उमटते. उरलेली तीन डोळ्यांनीच शोधावी लागतात.

त्या शोधाला वेळ किती मिळतो? समोर काहीतरी आहे हे जाणवणे, ते विमान आहे हे ओळखणे, ते आपल्यावरच येते आहे हे उमगणे, निर्णय घेणे, हात हलवणे आणि मग विमानाने वळणे. या सगळ्याला मिळून साधारण साडेबारा सेकंद लागतात, असा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शक सूचनांमधला हिशेब आहे. दहा हजार फुटांखाली वेगमर्यादा अडीचशे नॉट. त्या वेगाने दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर साडेबारा सेकंदांत त्यांच्यातले सव्वातीन किलोमीटर अंतर संपते. सव्वातीन किलोमीटरवरून सेसना १७२ केवढे दिसते? पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरले तरी पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून कमी. शिवाय पंख समोरून सुरीच्या पात्यासारखे दिसतात आणि नजरेत भरावे असे उरते ते जेमतेम माणूसभर रुंदीचे धूड.

त्यात आपल्या डोळ्यांचा स्वभाव आड येतो. हालचाल असेल तिकडे नजर आपोआप वळते. पण जे विमान खरोखर आपल्यावर येऊन आदळणार असते, ते समोरच्या काचेवर हलतच नाही. एकाच जागी ठिपक्यासारखे राहते, अखेरच्या काही सेकंदांत एकाएकी फुगते आणि तोवर उशीर झालेला असतो. निरभ्र आकाशात तर डोळ्याला धरायला काहीच नसते, त्यामुळे नजर नकळत एक-दोन मीटरवरच स्थिरावते. या दोन्ही उणिवा दिवा भरून काढतो. न हलणारा ठिपका चमकू लागला की मेंदू त्याची दखल घेतो. म्हणूनच दिवसाउजेडी लँडिंग लाइट लावण्याचा मी आग्रह धरते.

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत कोणते दिवे लावायचे हे नियमांनी ठरवून दिले आहे. डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा, शेपटीला पांढरा. ही रचना जहाजांकडून आली आणि तिच्यातली हुशारी मला आजही थक्क करते. रात्री समोर तिरकस लाल दिवा दिसला, तर ते विमान माझ्या उजवीकडून आडवे येते आहे, त्याला आधी जाण्याचा हक्क आहे आणि वाट मी द्यायची आहे. हिरवा दिसला तर ते डावीकडून येते आहे, वाट त्याने द्यायची. माझ्या उजव्या हाताला लाल आणि डाव्या हाताला हिरवा असे दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट समोरून येते आहे आणि दोघांनीही उजवीकडे वळायचे. रेडिओवर एक शब्दही न बोलता दोन अनोळखी वैमानिकांचे हे ठरलेले असते. प्रशिक्षणार्थींनी हे पाठ करून थांबू नये, अंधारात बसून याचा सराव करावा.

दिवसासाठी नियम एवढेच सांगतो, की टक्करविरोधी लुकलुकणारे दिवे बसवलेले असतील तर ते उडताना चालू ठेवावेत. लँडिंग लाइट मात्र आपल्या सवयीवर सोपवलेला आहे. दहा हजार फुटांखाली तो चालू ठेवायचा, ही प्रवासी विमानांमध्ये रुळलेली पद्धत आहे. छोट्या विमानांत मात्र हात आखडता घेतला जातो आणि त्यामागे एकेकाळी खरे कारण होते. जुन्या तापणाऱ्या दिव्याचे आयुष्य पंचवीस तासांच्या आसपास, त्यामुळे तो रात्रीसाठी जपून ठेवला जाई. एलईडी हजारो तास टिकतात आणि वीजही कमी खातात, तेव्हा हे कारण आता उरलेले नाही. माझ्या शिकाऊ दिवसांत एका प्रशिक्षण संस्थेत ‘दिवा जाळू नका’ अशी तोंडी ताकीद होती. अशी ताकीद कुठे अजून शिल्लक असेल, तर ती आजच पुसून टाकावी, ही माझी हात जोडून विनंती आहे.

दिव्याला मर्यादा आहेत, त्या न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सकाळी, स्वच्छ उजेडात, सॅन दिएगोवर पीएसए या विमान कंपनीचे बोइंग ७२७ एका सेसनावर आदळले आणि १४४ माणसे गेली. सेसना पुढे आणि खाली होते, बोइंगच्याच दिशेने चालले होते आणि खालच्या रंगीबेरंगी घरांच्या पसाऱ्यात हरवले होते. लँडिंग लाइट फक्त पुढच्यालाच दिसतो. मागून येणाऱ्यासाठी पंखांवरचे लुकलुकणारे स्ट्रोब आणि शेपटीवरचा बीकनच हवा. खराडी, मगरपट्टा, विमाननगरच्या रोषणाईवरून रात्री उतरताना पुढच्या विमानाचे दिवे शहराच्या दिव्यांत कसे विरघळतात, हे इथल्या अनेकांनी अनुभवले असेल. लग्नसराईत आणि उत्सवांत आकाशात सोडले जाणारे लेझरचे झोत त्यात भर घालतात. पोलिसांनी त्यावर बंदीचे आदेश काढले आहेत. मंडळांनी आणि मंगल कार्यालयांनी ते मनापासून पाळावेत, म्हणून आपणच त्यांच्या दारी जाऊन बोलायला हवे.

ढगात तर दिवा निरुपयोगीच, उलट स्ट्रोबचा परतणारा उजेड वैमानिकाला भोवंडून टाकतो. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी चरखी दादरीवर सौदीचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ धडकले. ३४९ माणसे होती, एकही वाचले नाही. सौदी विमानाला चौदा हजार फूट दिले होते, कझाक विमानाला पंधरा हजार. ते आपली उंची सोडून खाली आले. तेव्हा दिल्लीतून जाणारी आणि दिल्लीत येणारी विमाने एकाच मार्गिकेतून ये-जा करत होती, कारण आजूबाजूचे बहुतेक आकाश हवाई दलाकडे होते. उंची दाखवणारे दुय्यम रडार कार्यरत नव्हते, विमानांत टीसीएएस नव्हते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि टीसीएएस सक्तीचे झाले. हवाई दलाबरोबर आकाश वाटून घेणाऱ्या पुणेकरांनी हा इतिहास विसरू नये. मार्ग, उंची, यंत्र आणि दिवा यांतले एकही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

धावपट्टीबद्दल थोडक्यात. १ फेब्रुवारी १९९१ रोजी लॉस एंजेलिसला उतरणारे बोइंग ७३७ धावपट्टीवर उभ्या असलेल्या छोट्या विमानावर चढले, ३५ जण दगावले. छोट्या विमानाचे मिणमिणते दिवे धावपट्टीच्या दिव्यांत मिसळून गेले होते आणि स्ट्रोब अजून लावलेले नव्हते. म्हणून धावपट्टीत शिरताना, अगदी ती नुसती ओलांडायची असली तरी, स्ट्रोब आधी लावा.

दुपारच्या सत्रात मी तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहे. राज्यातल्या सर्व प्रशिक्षण विमानांना एलईडी लँडिंग लाइट बसवावेत आणि विमानतळापासून दहा सागरी मैलांच्या आत ते दिवसाही चालू असावेत. हडपसरच्या ग्लायडरांवर उठून दिसणारे रंगीत पट्टे आणि शक्य तिथे बॅटरीवरचा स्ट्रोब असावा, त्यासाठीचा खर्च आपण सभासदांनी वर्गणीतून उभा करावा. आणि लोहगावचे नियंत्रक, हवाई दलाचे अधिकारी, ग्लायडर शिकवणारे आणि बारामतीचे प्रशिक्षक यांनी दर तीन महिन्यांनी एका टेबलाशी बसून, कोण कुठे, किती उंचीवर आणि कोणते दिवे लावून उडते, हे एकमेकांना सांगावे. पहिल्या बैठकीची तारीख आज संध्याकाळी सभागृह सोडण्यापूर्वीच ठरवावी, असे मी सुचवते.