अंगणांतील हौद आणि सोनेरी मासे



शहरांतील घरांना आतां अंगण उरलें नाहीं, ही तक्रार नेहमींची आहे. तथापि एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकांत, बंगल्याच्या परसांत किंवा तळमजल्यापुढील मोकळ्या जागेंत सिमेंटचा लहानसा हौद अद्यापि दृष्टीस पडतो. त्यांत एखादें कुमुदाचें रोप लावावें आणि चार गोल्डफिश, म्हणजे सोनेरी मासे, सोडावे अशी हौस पुष्कळांस होते. हौस चांगलीच आहे. परंतु दुकानांतून मोठ्या कौतुकानें आणलेले मासे दोनतीन महिन्यांत एकेक करून उलटे तरंगूं लागतात, मुलें हिरमुसतात, आणि ‘आमच्या घराला मासे धार्जिणे नाहींत’ असा निकाल देऊन वडील मंडळी त्या हौदांत कुंड्या मांडतात. हा निकाल माशांवर अन्याय करणारा आहे, असें मला वाटतें.

सोनेरी मासा दिसतो तितका नाजूक नाहीं. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळांतला तो आहे. चीनमध्यें सुंग राजवटींत, म्हणजे सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं, करड्या रंगाच्या साध्या माशांत मधून मधून निपजणारे तांबूस-पिवळे मासे वेगळे राखून लोकांनीं ही जात घडविली. मोकळ्या हौदांत तो फूटभर लांब होऊं शकतो. इंग्लंडांत १९५६ सालीं एका जत्रेंत बक्षीस म्हणून मिळालेला असा एक मासा १९९९ सालीं मेला, तेव्हां त्याचें वय ४३ वर्षांचें होतें. ज्याला चाळीस वर्षें जगतां येतें, तो आपल्या हौदांत चाळीस दिवसांत कां मरावा?

याचें उत्तर पाण्यांत शोधावें लागतें. मासा आपल्या शरीरांतील त्याज्य द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांवाटे पाण्यांत सोडतो. उरलेलें अन्न कुजूनही तोच अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं. त्यामुळें स्फटिकासारखें स्वच्छ पाणीही माशाला विषासमान असूं शकतें. निसर्गानें यावर उपाय योजला आहे तो सूक्ष्म जंतूंचा. हौदाच्या भिंतींवर, तळच्या दगडांवर आणि वनस्पतींच्या मुळांवर जो बुळबुळीत थर जमतो, त्यांतील कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. तेंही विषारीच, पण दुसरे जंतु त्याचें नायट्रेट बनवितात. नायट्रेट त्या मानानें बरेंच निरुपद्रवी, आणि वनस्पतींना तर तें खतच होय. ही जंतूंची वसाहत नव्या हौदांत उभी राहण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशीं डझनभर मासे सोडणें म्हणजे चूल पेटण्यापूर्वीं पंगत बसविणें होय. आरंभीं दोन मासे सोडावे, त्यांना बेतानें खाऊं घालावें आणि महिना-दीड महिना धीर धरावा. हौद नुकताच बांधलेला असेल तर त्याआधीं आणखी दोनतीन आठवडे तो भरून ठेवून मधून मधून पाणी फेकून द्यावें. नव्या सिमेंटांतून चुना सुटून पाणी क्षारधर्मी होतें, व अशा पाण्यांत अमोनिया अधिकच जहाल ठरतो.

आतां आपल्याकडील टापटिपीची मंडळी काय करतात, तें पाहा. दर रविवारीं हौद रिकामा करून, काथ्यानें खसाखसा घासून, नळाच्या ताज्या पाण्यानें तो कांठोकांठ भरतात. महिनाभरांत जमलेली ती जंतूंची वसाहत तासाभरांत धुऊन जाते, आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना इजा करून उरल्यासुरल्या जंतूंचाही निकाल लावतो. हौद लखलखीत होतो खरा. मासे मात्र दोन दिवसांत आजारी पडतात. वस्तुतः आठवड्यास पांचवा हिस्सा पाणी बदललें तरी पुरे. तें एक दिवस उघड्या पिंपांत ठेवलेलें असावें. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटचें औषध दुकानांत मिळतें. उन्हानें आटलेल्या पाण्याची भर घालणें म्हणजे पाणी बदलणें नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. पाणी आटतें, त्यांतील क्षार मागेंच राहतात. भिंतींवरील हिरवें शेवाळ तर खरवडूंच नये. मासे तें आवडीनें टिपतात.

माशांची संख्या किती असावी? सहा फूट लांब, चार फूट रुंद व दोन फूट खोल अशा हौदांत सुमारें १,३५० लिटर पाणी मावतें. त्यांत सहा, फार तर आठ मासे. दुकानदार वीस देऊं करील. त्याचा धंदाच तो आहे.

खाण्याच्या बाबतींत आपलें आतिथ्य माशांस फार महाग पडतें. या माशाला जठर नसतें. खाल्लेलें अन्न थेट आंतड्यांत जातें. त्यामुळें त्याला थोडें थोडें खाणें मानवतें. तरी तो सदा भुकेलेला दिसतो, कोणी कांठाशीं आला कीं तोंड वर करून धांवतो, आणि मग सकाळीं आजोबा, दुपारीं मुलें व सायंकाळीं पाहुणे पोळीचे तुकडे, पाव, कुरमुरे टाकीत राहतात. दोनतीन मिनिटांत संपेल एवढेंच अन्न घालावें, आणि घालणारा माणूस घरांत एकच नेमावा. चारपांच दिवस गांवीं जावयाचें असेल तर शेजाऱ्यांच्या हातीं खाण्याचा डबा देऊं नये. हौदांतील शेवाळ व डांसांच्या अळ्या यांवर मासे सुखानें राहतात.

चैत्र-वैशाखांत खरी कसोटी असते. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो; ३० अंशांस साडेसातच. शिवाय रात्रीं वनस्पतीही प्राणवायु घेतात. म्हणून पहांटे त्याचा सर्वांत अधिक तुटवडा पडतो, आणि मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकतात. त्यांना भूक लागली, असा तर्क करून कोणी अन्न घातलें तर अनर्थच. हौदाच्या निम्म्या भागावर सावली असावी आणि लहानसें कारंजें रात्रभर चालूं ठेवावें. पुष्कळ घरीं कारंजें पाहुणे आले कीं सुरू होतें, आणि निजतांना बंद होतें!

खंड्या व मांजर यांच्यासाठीं वर जाळी हवी. नवीन मासा तीनचार आठवडे निराळ्या टबांत ठेवूनच हौदांत सोडावा. रोग बहुधा त्याच्याबरोबरच येतो. अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसूं लागल्यास मासा वेगळा काढून लिटरामागें ३ ग्रॅम साध्या मिठाच्या पाण्यांत ठेवावा.

आणखी एक गोष्ट राहिली. मासे डोईजड झाले म्हणजे कित्येक भाविक माणसें त्यांना ‘मोकळे’ करण्यासाठीं नदींत किंवा तलावांत सोडतात. २०२१ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत बर्न्सव्हिल शहराच्या तलावांत असे सोडलेले मासे वाढून फुटबॉलएवढे झालेले सांपडले. हा मासा तळचा गाळ ढवळतो, पाणवनस्पती उपटतो, आणि तेथील मूळच्या माशांची उपासमार करतो. आपल्या नद्यांवर आधींच संकटें कांहीं थोडीं नाहींत. तेव्हां जास्त झालेले मासे हौशी मित्रास द्यावे अथवा दुकानदार घेत असल्यास त्याला परत करावे. आणि मृगाच्या सरी येण्यापूर्वीं हौदाच्या सांडपाण्याच्या नळीस बारीक जाळी बसवावी, कारण मुसळधार पावसांत हौद भरून वाहूं लागला कीं मासे त्याच वाटेनें गटारांत व पुढें ओढ्यांत जातात.