आधी नीट उतरवा, मग संपादन

आजोबांचं कीर्तन, आत्याच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या गणेशोत्सवात रंगलेली मैफल, असं बरंच काही अजून कॅसेटवर पडून आहे आणि ते संगणकावर घ्यायची आता अनेकांना घाई झाली आहे. घाई रास्तच आहे. दमट हवेत फितीला बुरशी धरते, आणि चांगले कॅसेट प्लेअर मिळणंही अवघड झालं आहे. पण बहुतेकांचं लक्ष असतं ते नंतरच्या संपादनावर: खरखर कशी काढायची, आवाज कसा वाढवायचा. माझं म्हणणं असं, की खरं काम त्याआधीचं आहे. कॅसेट वाजवताना जे निसटलं, ते संगणक परत आणू शकत नाही.

कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढीच सरकते. इतक्या कमी जागेत सगळा आवाज मावलेला असतो, त्यामुळे प्लेअरचं हेड जरासं तिरकं असलं तरी टाळांची किणकिण आणि ‘स’, ‘श’ यांची धार जाते. हेडच्या बाजूला एक लहानसा स्क्रू असतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसा. मग कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी किंचित इकडेतिकडे फिरवा. एका जागी आवाज एकदम उजळतो, तिथे थांबा. प्लेअरला लाइन-आउट असेल तर वायर तिथून काढून संगणकाच्या लाइन-इनला जोडा, माइकच्या खाचेत नको. आवाजाची पातळी अशी ठेवा, की सर्वांत मोठा आवाजही उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला टेकला की ध्वनिलहरीचा माथाच छाटला जातो आणि तो फाटलेला आवाज मग कायमचा.

यावर लोक म्हणतात, खरखरीसकट ऐकायचं कसं? ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती कमी करता येते, हे खरं. पण ते साधन चालतं कसं, हे समजून घ्या. नुसती खरखर असलेला तुकडा आपण त्याला दाखवतो आणि तसा आवाज ते सगळीकडून कमी करतं. गाणं सुरू होण्याआधीची ‘शांतता’ म्हणून दाखवलेल्या तुकड्यात तानपुरा वाजत असेल, तर संगणकाच्या लेखी तानपुराच खरखर ठरतो. ओव्यांमधल्या जात्याच्या घरघरीचं तेच. आणि तुकडा अचूक निवडला, तरी हात जड पडला की तानपुऱ्याच्या जवारीतले नाजूक स्वर खरखरीबरोबर वाहून जातात. म्हणून साफसफाई जरूर करा, पण प्रतीवर. मूळ फाइलला हात लावू नका. आज आपल्याला नकोशी वाटणारी खोलीतली कुजबुज उद्या नातवंडांना हवीशी वाटेल, आणि साफसफाईची साधनंही तोवर सुधारलेली असतील.

दुसरी हरकत जागेची. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे एक जीबी होते. १२८ केबीपीएसची एमपीथ्री ६० एमबीच्याही आत बसते. पण एमपीथ्री लहान होते ती आवाजातले तपशील टाकूनच, आणि संपादन करून पुन्हा एमपीथ्रीत साठवलं की आणखी काही गळतं. साठ मिनिटांच्या पन्नास कॅसेट्स वेव्हमध्ये साध्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतात. एवढ्या जागेसाठी आवाजाचा बळी देणं मला पटत नाही. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपीथ्री खुशाल करा, जपायला वेव्हच ठेवा, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

आणखी एक विनंती. फाइलला नाव देताना कोणाचा आवाज, कुठला, कोणत्या साली, हे लिहा; सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवर त्यांना विचारा. आणि उतरवून झालं म्हणून कॅसेट टाकून देऊ नका. तिच्या पाठीवरच्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडून टाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही, आणि कोरड्या जागी उभी ठेवा.