एक रकाना श्रमासाठी

(लोणावळा येथे महाविद्यालयीन प्रवेशसमित्यांच्या सदस्यांपुढे केलेले भाषण)



मावळाला लागून असलेल्या मुळशी तालुक्यात १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालू आहे. तेथील इंटरनॅशनल बॅकलॉरिएट पदविकेची गुणपत्रिका वाचावी कशी, हे प्रथम सांगतो. विषय सहा, प्रत्येकास कमाल ७ गुण, ज्ञानमीमांसा आणि ४,००० शब्दांपर्यंतचा प्रबंध यांचे मिळून ३, एकूण ४५. तेव्हा ३६ गुण म्हणजे शेकडा ३६ नव्हेत! सर्जन, शारीरिक उपक्रम व सेवा यांना गुण नाहीत. पण ती पार पाडल्याशिवाय पदविकाच मिळत नाही. भारतीय विश्वविद्यालय संघ या पदविकेस बारावीशी समकक्ष मानतो. या विद्यार्थ्यांना न्याय मिळालाच पाहिजे.

परंतु न्याय तेथेच थांबू नये. पवन मावळातील मुलगी आषाढात गुडघाभर चिखलात भातलावणी करते, धाकट्या भावंडांना सांभाळते आणि बारावी उत्तीर्ण होते. तिच्या गुणपत्रिकेवर या श्रमाची नोंद कोठे आहे? सवडीने केलेले काम ती सेवा, आणि पोटासाठी केलेले काम मात्र बिनमोलाचे, हा भेद शिक्षणाचा नव्हे. तो वर्गाचा आहे.

अपरिचित गुणपत्रिका समजून घेण्यास आपण वेळ देता, तसाच या मुलीचे जीवन समजून घेण्यासही द्या. प्रवेशअर्जात तिच्या श्रमासाठी एक रकाना ठेवा. ही दया नव्हे, तो तिचा हक्क आहे.