आधी हवेची वाट



पैठणहून छत्रपती संभाजीनगरकडे एक टर्बो गाडी निघते.
पुढचा ट्रक ओलांडायला चालक ॲक्सिलरेटर दाबतो...
आणि गाडी क्षणभर अडखळते.

लगेच टर्बो बदलायला निघणं ही घाई ठरते.
आधी हवेची वाट तपासावी.

टर्बोत दोन चाकं असतात.
इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चाक फिरवतो.
त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबतं.
ही हवा पाइपांतून इंजिनात जाते.
पाइपाला चीर पडली किंवा क्लिप सैल झाली, की हवा निसटते.
जोर देताना ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो.
डिझेल गाडी काळा धूरही सोडते.

गाडी उभी असताना इंजिन थरथरत असेल, तर कारण मात्र वेगळं.
तेव्हा टर्बोचा दाब जवळपास नसतोच.
पेट्रोल गाडीत थ्रॉटलवरची काजळी, थकलेला स्पार्क प्लग किंवा व्हॅक्यूमची फुटकी नळी बघावी.

स्कॅनर बिघाडाचा कोड सांगतो.
फुटका पाइप मात्र त्यात दिसत नाही.

म्हणून पुन्हा सांगावंसं वाटतं... आधी हवेची वाट!
एअर फिल्टर, पाइप, क्लिपा.
तरीही गळती सापडली नाही, तर मेकॅनिक पाइपांत धूर सोडतो.
जिथून धूर डोकावतो, तिथेच गळती असते.