घरचें खाऊन लष्कराच्या भाकरी

इंग्रजी भाषेंत 'ग्लटन फॉर पनिशमेंट' असा एक वाक्प्रचार आहे. शब्दशः पाहूं गेल्यास, मार खाण्याचा अधाशी. हा शब्द मुष्टियोद्ध्यांच्या आखाड्यांतून आला. ठोसे खाऊनहि जो गडी खालीं बसण्याचें नांव घेत नसे, त्याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तिकडील लोक 'अधाशी' म्हणत. पुढें आपण होऊन नसतीं ओझीं खांद्यावर घेणाऱ्या प्रत्येकालाच तें बिरुद लागलें. आपल्याकडे अशा गृहस्थानें 'विकतचें श्राद्ध घेतलें' म्हणतात. किंवा तो 'लष्कराच्या भाकरी भाजतो' असें म्हणून मोकळे होतात. मला हा दुसरा शब्द अधिक न्याय्य वाटतो. इंग्रजांच्या अधाशाच्या पदरीं नुसते ठोसे. येथें निदान कोणाच्या तरी पोटांत भाकरी जाते.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत, लोहारा तालुक्यांत, हिप्परगा नांवाचें गांव आहे. निजामी अमदानींत तेथें एक राष्ट्रीय शाळा चालत असे. मजूरपुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ काम केलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर या आडगांवीं शिक्षक होऊन आले. १९३२ सालीं त्यांनीं संन्यास घेतला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. संन्याशानें तरी स्वस्थ बसावें कीं नाहीं? पण १९३८ सालीं त्यांनीं हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह अंगावर घेतला व तुरुंग पाहिला. १९४७ सालीं पुन्हां तुरुंग. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें. मात्र स्वामीजींच्या मागें प्रपंच नव्हता, हें विसरून चालणार नाहीं. आम्हां प्रापंचिकांचा हिशेब निराळा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटें भूकंप झाला. किल्लारी-सास्तूरच्या परिसरांत सुमारें ८ हजार माणसें गेलीं. मी तेव्हां जवळच्याच एका गांवीं शिक्षक होतों. शाळा सुटल्यावर रोज सायकलीनें सास्तूरला जाऊन पत्र्याच्या शेडमध्यें दहावीच्या मुलांना गणित शिकवूं लागलों. (मी स्वतः मॅट्रिकच, पण गणित बरें होतें.) कोणी सांगितलें नव्हतें, मोबदल्याचा तर प्रश्नच नव्हता. रात्रीं परत येईपर्यंत माझा मुलगा पुस्तकावर डोकें ठेवून झोंपलेला असे. तोहि त्या वर्षीं दहावीलाच होता.

निकाल लागला. पत्र्याखालचीं बहुतेक मुलें उत्तीर्ण झालीं. आमचे चिरंजीव नापास झाले, आणि तेंहि गणितांत.

"अहो, लोकांचीं पोरें तरलीं, घरचें बुडालें," एवढेंच आमचें कुटुंब म्हणालें. मुलगा कांहींच बोलला नाहीं. पुढें तो पास झाला, नोकरीस लागला. पण गणितांतली शंका त्यानें मला पुन्हां कधीं विचारली नाहीं. सास्तूरचीं तीं मुलें आजहि बाजारांत भेटलीं कीं वांकून नमस्कार करतात. शेजारीं चिरंजीव उभे असले म्हणजे तो नमस्कार घेतांना मला संकोच होतो.

यंदा मला एकुणसत्तरावें वर्ष लागलें. गेल्या आठवड्यांत गांवच्या वाचनालयाचें चिटणीसपद घ्या म्हणून मंडळी घरीं आली होती. कुटुंब देवळांत गेलें होतें, तेवढ्यांत मी होकार देऊन बसलों. तिला अद्याप सांगितलेलें नाहीं. ती हें भाषण ऐकत असेलच.