किल्ली कोणाच्या हातीं?

रत्नागिरीला लागून असलेल्या मिरजोळ्यांत औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखानदाराला काय आणि घरीं अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला काय, इंटरनेट आतां सर्वांनाच हवें. परंतु ज्याच्या संगणकावर लिनक्स आहे, त्याला कधीं कधीं उत्तर मिळतें कीं, "आमची सेवा विंडोजवरच चालते." हें खरें मानावें काय?

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें. त्या काळीं टेलिफोनवरून अशी जोडणी साधण्यासाठीं पीपीपी नांवाची नियमपद्धति प्रचलित होती. तिचे नियम प्रसिद्ध असल्यामुळें, १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्सलाही ती आत्मसात करतां आली. पुढें कांहीं कंपन्यांनीं स्वतःचाच बंदिस्त प्रोग्रॅम सक्तीचा केला. तार तीच, कुलूप मात्र निराळें! दोष लिनक्सचा नव्हता; नियम गुप्त ठेवण्याचा होता.

आज बऱ्याच फायबर जोडण्यांत पीपीपीओई ही १९९९ सालीं प्रसिद्ध झालेली पद्धति असते, व ती लिनक्सला ठाऊक आहे. शिवाय आपलें खातें व परवलीचा शब्द राउटरमध्यें भरला, म्हणजे कंपनीशीं बोलणें राउटरच करतो. मागें संगणक कोणता, हा प्रश्न उरत नाहीं.

म्हणून वर्गणी भरण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: "राउटरमध्यें काय भरावयाचें, तें लिहून द्याल काय?" नकार आला तर दुसरें दार ठोठवावें. पैसे आपण देतों. घरांतील यंत्र कोणतें असावें, हें ठरविण्याचा अधिकारही आपलाच आहे.