नानिसिविकचा रस्ता

कॅनडाच्या उत्तरेस १९९९ साली वेगळा झालेला नुनावुत हा प्रदेश विस्ताराने भारताच्या जवळजवळ दोन-तृतीयांश भरतो. वस्त्या मात्र अवघ्या २५, आणि त्यांतील कोणत्याही दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. जाणे-येणे विमानाने, उन्हाळ्यात जहाजाने, समुद्र गोठला की बर्फावरून. अशा ह्या मुलखात बॅफिन बेटाच्या उत्तर भागी खडीचा एक रस्ता आहे. त्याची लांबी ४० किलोमीटरही भरणार नाही. एका टोकास आर्क्टिक बे हे इनुइट लोकांचे गाव. डोंगरांनी वेढलेले म्हणून त्याचे मूळ नाव इक्पिआर्जुक, म्हणजे ‘खिसा’. दुसऱ्या टोकास नानिसिविक, ‘जेथे वस्तू सापडतात ती जागा’.

तेथे सापडले जस्त आणि शिसे. १९७४ साली सरकार व खाणकंपनी यांच्यात करार झाला आणि १९७६ साली खाण सुरू झाली. घरे, शाळा, धक्का, विमानतळ असे एक नवे गावच वसविण्यात आले. खनिज मात्र आर्क्टिक बेकडे कधी आले नाही. ते नानिसिविकच्या धक्क्यावरूनच जहाजात चढे. रस्त्याने ये-जा केली ती माणसांनी. कामगारांपैकी ६० टक्के उत्तरेकडील रहिवासी असावेत, असे उद्दिष्ट करारात होते. ते कधीच गाठले गेले नाही, हे नमूद केलेच पाहिजे. तरीही ज्यांना काम मिळाले त्यांची चूल ह्या रस्त्याच्या आधारे पेटत होती.

२००२ साली खाण बंद पडली. कामगार निघून गेले, घरे पाडण्यात आली. गावाविना रस्ता उरला; पण तो ओस पडला नाही. मोठी विमाने नानिसिविकलाच उतरत. आर्क्टिक बेची धावपट्टी त्यांना अपुरी होती. त्यामुळे आजारी माणूस असो वा पाहुणा, त्याला हिवाळ्यातील महिनोन्‌महिने टिकणाऱ्या काळोखातही ह्याच रस्त्याने जावे-यावे लागे. पुढे गावची धावपट्टी वाढविण्यात आली आणि २०११च्या सुमारास तीही गरज संपली.

दरम्यान, २००७ साली नानिसिविकच्या जुन्या धक्क्यावर नौदलाचा तळ उभारण्याची घोषणा सरकारने केली होती. आराखडा हळूहळू आखडत गेला. इंधनाच्या टाक्या उभ्या राहिल्या. तळ सुरू होण्याची तारीख मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली.